उज्ज्वला, तुझे उसने सण

उज्ज्वला, काल तुझी शोकसभा झाली. तू नव्हतीस ते बरं झालं. असतीस तर मधेच खुदकन हसली असतीस आणि मला तुझा दंड दाबून तुला गप्प करावं लागलं असतं.

नर्स मुलींना परदेशी पाठवणारे आपले एजन्सीवाले गृहस्थ पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "उज्ज्वलाताई म्हणजे अलिबाग आणि जर्मनी यांना जोडणारा पूल!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या. आणि पूल कसला? तुझा पासपोर्टसुद्धा कधी निघाला नाही. जन्मात एकदा तू आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला गेलीस, तर तेवढ्याशा खाडीत तुला बोट लागली. हेच गृहस्थ दोन वर्षांपूर्वी मला बाजूला घेऊन म्हणाले होते, "मॅडम, त्या नाचगाण्यात बॅचचे तास फुकट जातात. तुमच्या मैत्रिणीला जरा आवरा." काल ते रुमालाने डोळे टिपत होते. मला किळस आली. पण त्या दिवशी मी त्यावर मान डोलावली होती, हेही तिथेच बसल्या बसल्या आठवलं.

माझी पाळी आली तेव्हा मी 'आवाज बसलाय' म्हणून सांगितलं. आवाज ठणठणीत होता. पण तुझ्याविषयी चार माणसांत बोलण्यासारखं माझ्यापाशी काही नव्हतं. जे होतं ते तुझ्याशीच बोलण्यासारखं होतं आणि तेही फारसं चांगलं नव्हतं.

आधी खरं ते सांगते. तू वाईट शिक्षिका होतीस. हे मी तुला तोंडावर इतक्यांदा सांगितलंय की गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलल्याचा दोष मला लागणार नाही. रेवदंड्याच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो तेव्हापासून तुझं अक्षर वाकडं, पाढे कच्चे आणि तोंड सतत चालू. मी पुण्याला जाऊन जर्मन शिकले, दोन वर्षं तिकडच्या एका कंपनीत दुभाषी म्हणून राहिले, मग वडिलांच्या आजारपणासाठी परत आले. तू नागावला वाडीत दिलेली. नारळ, सुपाऱ्या, दिलीपभावोजी, सासू-सासरे. मी अलिबागला बेकरीच्या माडीवर दोन खोल्यांत क्लास काढला तेव्हा पहिली विद्यार्थिनी म्हणून तू आलीस. वय पस्तीस. म्हटलं, "तुला कशाला हवंय जर्मन?" तर म्हणालीस, "दुपारी करायचं काय गं?"

म्हणजे तुझी सगळी जर्मन माझ्याकडून आलेली. आणि तरी इतकी चुकीची! आपल्या 'तो, ती, ते'सारखी त्यांची 'देअर, दी, दास'. फक्त कुठलं नाम कुठल्या लिंगाचं ते पाठ करायचं. तू पाठ करायची नाहीस. मराठीत जे लिंग तेच जर्मनला चिकटवून द्यायचीस.

"त्यांचा सूर्य स्त्रीलिंगी आहे, उज्ज्वला. दी झोने."

"सूर्य बाई कसा असेल गं?"

"त्यांच्याकडे आहे."

"तरीच तिकडे थंडी," असं म्हणून तू वहीत 'देअर'च लिहिलंस.

पुढे नर्स मुलींच्या बॅचा वाढल्या. मला दुसरी शिक्षिका हवी होती, अलिबागेत मिळेना, म्हणून तुला उभी केली. तो माझा नाइलाज होता. तू मात्र आयुष्यभर 'हिने मला निवडलं' असं लोकांना सांगत राहिलीस.

आणि मग तुझे ते सण. मी तिकडून आणलेलं एक जुनं भिंतीवरचं कॅलेंडर टाकून देत होते, ते तू उचलून नेलंस. बारा महिन्यांचे बारा फोटो. त्या बारा चित्रांवर तू आख्खा देश उभा केलास. मे महिन्यात तिकडे गावागावांत उंच खांब उभारून त्याभोवती नाचतात, म्हणून तू वाडीतली वठलेली पोफळ तोडून घेतलीस, सोलून गुळगुळीत केलीस, वर जुन्या साड्यांचे काठ बांधलेस आणि बावीस मुलींना भोवती फिरवलंस. तुमचा वाडीतला गडी विचारत होता, "वैनी, ही कसली पूजा हाय?" सुगीनंतर तिकडे चर्चमध्ये धान्य-फळं मांडून देवाचे आभार मानतात. तू पांढऱ्या कांद्याच्या वेण्या मांडल्यास. जर्मन देवाला अलिबागचा कांदा चालतो हे मला दोन वर्षं तिथे राहून कळलं नव्हतं. डिसेंबरात मुलांना घाबरवणारा एक शिंगवाला प्राणी येतो, आल्प्सकडच्या गावांत. तो तू स्वतः झालीस. घोंगडी पांघरून दारामागून उडी मारलीस. एक मुलगी अशी किंचाळली की खालचा बेकरीवाला पिठाच्या हातांनी वर धावत आला.

मी बाजूच्या खोलीत विभक्तींचे तक्ते फळ्यावर लिहीत असायचे. भिंतीपलीकडून हसणं, टाळ्या, चुकीची वाक्यं. बावीस तोंडांतून एका वेळी एकच चूक बाहेर पडताना ऐकणं म्हणजे काय ते तुला कधी कळलं नाही.

"सणाला सगळे एकच गोष्ट एका वेळी बोलतात गं," तू म्हणायचीस. "कोण काय बोलणार ते आधीच माहीत असतं. मग भीती नाही वाटत."

"भाषा तक्त्यात असते. हा पोरखेळ आहे. मी पाहिलंय सगळं तिकडे. काही नसतं त्यात. लोक बिअर पितात आणि घरी जातात."

"तू पाहिलंस, तुझं नशीब," तू म्हणायचीस. त्यात टोमणा नसायचा. तेच मला सहन व्हायचं नाही.

मग प्रणाली आली. थळची कोळ्यांची मुलगी, वडिलांची होडी, इथल्याच एका दवाखान्यात नर्स. माझ्या वर्गातली, माझी आवडती. तक्ते उलटे-सुलटे पाठ. आणि तोंडी परीक्षेत नापास. परीक्षकापुढे आठ मिनिटं नुसती बसून राहिली.

"मॅडम, येतंय मला सगलं," ती रडत म्हणाली. "पन समोर मानूस बसला का तोंडच उघडत न्हाय."

मी तिला आणखी तक्ते दिले. तू तिला कंदील दिलास. नोव्हेंबरात तिकडे संत मार्टिनचा सण असतो. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्याने आपला अर्धा झगा फाडून दिला, त्याची आठवण म्हणून मुलं संध्याकाळी कागदी कंदील घेऊन गात फिरतात. तू प्रणालीला घेऊन थळच्या किनाऱ्यावर गेलीस. तिला मार्टिन केलंस आणि स्वतः भिकारीण होऊन वाळूत बसलीस. घामाच्या धारा लागलेल्या आणि तू जर्मनमधून ओरडत होतीस, 'मी थंडीने मरतेय, मी थंडीने मरतेय!' सुकी मासळी उचलणाऱ्या बायका टोपल्या ठेवून बघायला जमल्या. प्रणाली हसून हसून वाकली, आणि हसता हसता तिच्या तोंडून पहिलं आख्खं जर्मन वाक्य बाहेर पडलं, 'घ्या, माझा झगा घ्या.' हे मला तूच सांगितलंस, तीन-तीनदा, दर वेळी भिकारीण होऊन.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. मी म्हटलं, "तक्ते पाठ होते म्हणून." तू म्हणालीस, "कंदील होता म्हणून." हे भांडण आपण वर्षभर पुरवलं. प्रणाली जर्मनीच्या पार उत्तरेला, समुद्राजवळच्या एका लहान गावी, वृद्धाश्रमात कामाला लागली तरी आपलं चालूच होतं.

यापुढचं लिहायला मला जड जातंय, म्हणून भरभर लिहिते.

या फेब्रुवारीत प्रणालीचा मला फोन आला. रडत होती. तिकडचा कार्निव्हल, म्हणजे आपल्या शिमग्यासारखा सोंगांचा सण, तू वर्गात केला होतास. त्या सोमवारी ती नाकाला लाल रंग, गालांवर ठिपके आणि डोक्यावर कागदी टोपी अशी कामावर गेली. तिथे कुणीच सोंग घेतलं नव्हतं. तो सण ऱ्हाईन नदीकाठचा आणि दक्षिणेचा. तिच्या गावात तो कुणी करत नाही. वॉर्डच्या मुख्य बाईंनी विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना? तोंड धुऊन ये. एक आजी तिला बघून घाबरून रडायला लागल्या.

"उज्ज्वलाताईंना सांगू नका हां मॅडम," प्रणाली म्हणाली. "त्यांना वाईट वाटंल."

मी दुसऱ्या दिवशी तुला हे सांगण्यासाठी अर्धा तास लवकर आले. चहा मागवला. खालून खारी मागवली. आणि सगळं सांगितलं. नाक, ठिपके, टोपी, ती घाबरलेली आजी. वर म्हणाले, "चिपळूणचा शिमगा नागपुरात होतो का गं? चित्रं बघून देश शिकवतेस, मग पोरी तिकडे विदूषक होतात."

तू खारी बशीत ठेवलीस. "रडली का ती?"

"खूप."

"मला का नाही केला फोन?"

मी खांदे उडवले.

तू भांडली नाहीस. तू भांडशील म्हणून मी किती तयारी करून आले होते! दुसऱ्या दिवशी तुझ्या खोलीतल्या भिंती मोकळ्या होत्या. चित्रं, पताका, कागदी मुखवटे, सगळं उतरवलेलं. तू पुस्तक उघडून, पान पहिलं, 'देअर, दी, दास' वाचत होतीस. मुली जांभया देत होत्या. मला भिंतीपलीकडून एकही चूक ऐकू येत नव्हती. आठ महिने तू असं शिकवलंस. एकदा जिना उतरताना म्हणालीस, "तू सांगितलंस ते बरं केलंस. माझ्यामुळे ती पोर तिकडे..." आणि वाक्य सोडून दिलंस. मी ते पुरं करून घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, "सांभाळ, पायरी ओली आहे."

एवढी वर्षं मी जे मागत होते ते मला मिळालं होतं, आणि ते असं दिसत होतं.

गणपतींनंतर तुला धाप लागायला लागली. दोन पायऱ्या चढलीस की थांबायचीस. फुप्फुसं आखडत चालली होती म्हणे. दिवाळी सरली आणि दिलीपभावोजींनी तुला पनवेलला दवाखान्यात ठेवलं.

आणि नोव्हेंबरात, मार्टिनच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, प्रणालीचा फोन आला. आधी तुला लावला होता. तुझा फोन बंद. म्हणून मला.

आता नीट ऐक, उज्ज्वला. हे तुला कुणीच सांगितलं नाही.

प्रणालीच्या वॉर्डात एक आजोबा आहेत. होड्या बांधणारे सुतार होते. विस्मरणाचा आजार. कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून एक शब्द आलेला नव्हता. मुलगी भेटायला आली तरी भिंतीकडे बघत बसायचे. मार्टिनचा सण मात्र त्या गावात करतात, मुलांची मिरवणूक वृद्धाश्रमाच्या समोरून जाणार होती. म्हणून प्रणालीने तू शिकवलास तसा पिवळ्या कागदाचा कंदील केला, आत छोटा दिवा ठेवला आणि आजोबांच्या पुढ्यात धरला. आणि मोठ्याने म्हणाली, "देअर लाटेर्ने!"

चूक. लाटेर्ने स्त्रीलिंगी आहे. पण आपल्याकडे 'तो कंदील', म्हणून तू तिला 'देअर' शिकवलं होतंस.

आजोबांनी कपाळाला आठ्या घातल्या. आणि म्हणाले, "दी."

प्रणाली कंदील घेऊन आणखी पुढे वाकली. "काय म्हणालात?"

"दी लाटेर्ने," आजोबा म्हणाले. शाळामास्तर म्हणतो तसं. मग त्यांनी कंदील तिच्या हातातून घेतला, बाहेर मुलांचं गाणं सुरू झालं तशी ओठ हलवायला लागले, आणि दुसऱ्या कडव्याला गात होते. मुख्य बाईंनी त्यांच्या मुलीला फोन लावला आणि फोन त्यांच्या तोंडाशी धरून उभ्या राहिल्या.

"मॅडम, ताईंनी चुकीचं शिकवलं म्हनून आजोबा बोलले!" प्रणाली हसत होती की रडत होती ते मला कळेना. "ताईंना सांगा. आजच सांगा हां."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पनवेलला आले. तुझ्या नाकातोंडावर तो मास्क होता. तू तो हाताने जरा उचललास आणि विचारलंस, "प्रणालीचा काही फोन?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं, याची कारणं मी गेले दहा-बारा दिवस शोधते आहे. तुला बोलायचे श्रम नकोत म्हणून, हे पहिलं कारण होतं. ते घरी पोचेपर्यंतही टिकलं नाही. खरं कारण इतकं हलकं आहे की लिहायची लाज वाटते. सांगितलं असतं तर तू भांडण जिंकली असतीस. मला ते असं सांगायचं होतं की श्रेय 'दी'ला जावं, कंदिलाला नाही. शेवटी आजोबा बोलले ते व्याकरणच ना! परतीच्या एसटीत मी तीच वाक्यं जुळवत बसले होते. तू बरी होऊन आलीस की चहा मागवून सांगणार होते.

तू मान हलवलीस आणि मास्क परत लावलास. चौथ्या दिवशी भावोजींचा फोन आला.

माझे वडील गेले तेव्हा तू तेरा दिवस नागावहून डबा घेऊन आलीस. एकदाही 'रडू नको' म्हणाली नाहीस, एकदाही 'कशी आहेस' विचारलं नाहीस. डबा ठेवायचीस, कालचा न्यायचीस. त्या तेरा डब्यांच्या बदल्यात मला एक वाक्य द्यायचं होतं. तेही मी राखून ठेवलं.

प्रणालीला तू गेल्याचं कळवलं तेव्हा तिने आधी कधी, किती वाजता ते विचारलं. मग म्हणाली, "पन आजोबांचं त्यांना कललं होतं ना?"

"हो," मी म्हटलं. "खूप हसली."

"मंग बरं झालं," ती म्हणाली.

हा लेख छापून आला की कुणीतरी तिला पाठवेलच. तिला कळेल. कळू दे. मला तिच्याकडून जे ऐकून घ्यायचंय ते तू असतीस तर तू बोलली नसतीस; तिने बोलावं.

आणि आज सकाळी तुझी बॅच माझ्यापुढे बसली होती. पुस्तकाचं पान काढा म्हणायच्या ऐवजी मी त्यांना आजोबांची गोष्ट सांगितली, जशीच्या तशी, तुझ्या चुकीसकट. मुली हसल्या. दोघी रडल्या. मग मागच्या बाकावरच्या आगरी मुलीने हात वर केला. मिठागरवाल्यांची ती, बोलताना मान वाकडी करणारी, तुझी लाडकी.

"मॅडम, तुम्ही होतात ना तिकडं? तुम्ही गेलावता त्या मिरवनुकीला?"

तुला मी वर्षानुवर्षं सांगत आले की सगळं पाहिलंय, काही नसतं त्यात. उज्ज्वला, मी काही पाहिलेलं नाही. त्या दोन वर्षांत एका संध्याकाळी मिरवणूक माझ्या खोलीच्या खालून गेली. मी दिवा मालवला आणि पडद्याआडून बघत उभी राहिले. दुसऱ्या वर्षी पडदाही सरकवला नाही. दोन वर्षांत मी कुठल्याच सणाला कुठेच गेले नाही.

"नाही," मी म्हटलं.

"का हो?"

"मला कुणी बोलावलं नव्हतं."

ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिला खरोखरच काही समजत नव्हतं.

"पन मॅडम," ती म्हणाली, "मिरवनुकीला बोलावनं कुठं असतं? आपनच जायाचं असतं."